लोणारच्या काठावरून पाहिलेलं अंतराळ स्थानक

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेची पोरं रस्त्यात भेटली की एकच विचारायची, "सर, आज जाते का?" भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्लांचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडचं उड्डाण सारखं पुढं ढकललं जात होतं. कधी हवामान आडवं आलं, कधी रॉकेटमधून द्रवरूप ऑक्सिजनची गळती, तर कधी स्थानकाच्या रशियन भागातली हवेची गळती. अखेर २५ जून २०२५ ला दुपारी १२ वाजून १ मिनिटाला फ्लोरिडातून फाल्कन-९ रॉकेट सुटलं, तेव्हा शाळा नुकतीच उघडली होती. टीव्हीसमोर बसलेला अख्खा वर्ग उठून उभा राहिला. २८ तासांनी ड्रॅगन यान स्थानकाला लागलं. राकेश शर्मा १९८४ साली गेले, त्यानंतर अंतराळात पोहोचलेला हा दुसरा भारतीय, आणि या स्थानकावरचा पहिला.

एका पालकानं विचारलं, "गुरुजी, हे सरकारचं का कंपनीचं?" मी म्हटलं, काळीपिवळीचंच समजा. स्थानक अनेक देशांनी मिळून उभारलेलं, रॉकेट आणि यान स्पेसएक्सचं, आणि सहल ठरवणारी ॲक्सिअम नावाची ह्यूस्टनची कंपनी. त्यातली एक जागा आपल्या इस्रोनं घेतली, सुमारे ५५० कोटी रुपये मोजून. शुक्ला मात्र नुसते प्रवासी नव्हते. ते यानाचे पायलट होते आणि पेगी व्हिटसन कमांडर. सोबत पोलंडचा एक आणि हंगेरीचा एक. गगनयानाच्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या यानातून माणूस पाठवण्याच्या मोहिमेच्या, आधी आपल्या माणसाला हा अनुभव मिळणं मला त्या पैशांपेक्षा मोठं वाटतं.

शुक्ला वर असतानाच स्थानक लेकरांना दाखवायचं, असं मी ठरवलं. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर आपलं ठिकाण टाकलं की ते कधी, कुठून आणि किती उंचावरून जाणार हे कळतं. जुलैच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमाराची एक वेळ चांगली होती. मेहकरकडच्या आमच्या गावातून दोन काळीपिवळ्या केल्या, १८ लेकरं आणि चार पालक घेतले. गावात झाडं नि विजेचे खांब आडवे येतात, लोणारच्या काठावर आभाळ मोकळं मिळतं. शिवाय उल्केच्या आघातानं खडकात पडलेलं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर लेकरांनी डोळ्यांनी पाहावं, हेही मनात होतं.

पण आठवडाभर झड लागलेली. पोचलो तेव्हाही आभाळ भरलेलंच. ओल्या गवतावर ताडपत्री टाकून भाकर-पिठलं खाल्लं. सहावीतल्या एका मुलीनं वावरातलं मुगाचं रोप मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं, दोन पानांवर आलेलं. शुक्ला वर मूग आणि मेथी रुजवून पाहणार, हे मी वर्गात सांगितलं होतं. तिनं विचारलं, "सर, तिथं वर-खाली नाही, मग मूळ कोणीकडं जाते?" वजन जाणवत नाही तिथं बी कसं रुजतं, हे पाहण्यासाठीच तो प्रयोग होता.

वेळ झाली. काहीच दिसेना. दोन मिनिटं गेली आणि नैऋत्येकडं ढगांत खिडकीएवढी फट पडली. "सर, थे पाहा! थे चाललं!" पिवळसर पांढरा ठिपका, शुक्रासारखा ठळक, न लुकलुकता, आवाज न करता सरकत होता. ४०० किलोमीटर वर, ताशी २८ हजार किलोमीटरच्या वेगानं. जेमतेम चाळीस सेकंद दिसला, मग ढगाआड गेला. पोरं हात हलवत होती. मीही हलवला.

तुम्हाला जायचं असेल तर ४० अंशांपेक्षा उंचावरून जाणारीच वेळ निवडा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, म्हणून क्षितिजापासून चार मुठी मोजा. सूर्यास्तानंतर किंवा पहाटेच दिसतं, कारण आपल्याकडं अंधार आणि तिथं ऊन असावं लागतं. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं की डोळ्यांसमोर विझतं, लेकरांना हे आधीच सांगा, नाहीतर घाबरतात. लाल-हिरवे दिवे लुकलुकत असतील तर ते विमान. अर्धा तास आधी पोचून गावाच्या दिव्यांकडं पाठ करा आणि बॅटरीला पतंगाचा लाल कागद बांधा. विवरात अभयारण्य आहे, अंधार पडल्यावर खाली उतरू नका. काठावरही लेकरांचा हात सोडू नका, गवतात साप-विंचू निघतात, पायात बूट असू द्या.

शुक्ला १५ जुलैला समुद्रात उतरले. स्थानकावर माणसं अजून आहेतच. पावसाळ्यात आमच्यासारखी फट मिळेलच असं नाही, तेव्हा दिवाळीनंतर जा. कापूस वेचून झाल्यावर संध्याकाळी वावरातूनसुद्धा दिसतं. त्या वेळी काठावर थंडी कडक असते, घोंगडी न्या.