अक्षरं मोठी केली की झालं?

वयस्कर माणसांसाठी वस्तू डिझाइन करते असं सांगितलं, की समोरून प्रश्न ठरलेला: "म्हणजे अक्षरं मोठी, बटणं मोठी, एवढंच ना?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगते.

अक्षरं मोठी लागतात, खरंच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यामुळे पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं छापणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. बारीक, चिरक्या आवाजातला 'पीप' बऱ्याच जणांना ऐकूच जात नाही, आणि कोरड्या पडलेल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. पण हे सगळं मोजता येतं, म्हणून सुटतंही. सुटत नाही ते आमच्या डोक्यातलं.

गोळ्यांची वेळ झाली की वाजणारी एक डबी आम्ही करत होतो. ती वापरून बघायला बहात्तर वर्षांच्या एक बाई आल्या. डबी वाजली, त्यांनी बटण दाबलं, ती गप्प झाली. तीन मिनिटांनी पुन्हा वाजली. पुन्हा दाबलं. मी वहीत लिहिलं, 'गोंधळल्या'. दुपारी आमचाच सव्वीस वर्षांचा सहकारी तेच बटण अगदी तसंच दाबत बसला, आणि मी लिहिलं, 'बटणात घोळ आहे'. संध्याकाळी दोन्ही नोंदी एकाच पानावर, एकीखाली एक दिसल्या तेव्हा वही मिटूनच टाकली.

बाईंनी तीस वर्षं प्रयोगशाळेत उपकरणं हाताळली होती, हे नंतर कळलं. मी विचारलंच नव्हतं.

याला वयभेद म्हणतात. इंग्रजीत त्यासाठीचा 'एजिझम' हा शब्द रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी १९६९ मध्ये वापरात आणला. आमच्या धंद्यातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकन डिझायनर पॅट्रिशिया मूर यांचं. १९७९ मध्ये, ऐन सव्विशीत, त्यांनी म्हातारीचा वेष घेतला. नजर धूसर करणारा चष्मा, कानात बोळे, सांधे बांधलेले. अशा अवस्थेत त्या तीनेक वर्षं शंभराहून जास्त शहरांत हिंडल्या. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तरी मनात येतं, वेष संध्याकाळी उतरवता येतो. खऱ्या म्हातारीलाच नोकरीवर का घेऊ नये? तेही झालं म्हणा. बार्बरा बेस्किंड नव्वदीच्या उंबरठ्यावर आयडिओ या डिझाइन कंपनीत रुजू झाल्या, आणि तेही स्वतः पत्र लिहून.

आमच्या डबीकडे परत येते. बटण दुरुस्त केलं, डबी बाईंच्या घरी महिनाभर ठेवली. बघायला गेले तर डबी पडद्यामागे. विचारलं तर म्हणाल्या, "पाहुणे येतात हो. ही दवाखान्यातून उचलून आणल्यासारखी दिसते. घरात आजारी कोण आहे, ते सगळ्यांना कशाला सांगायचं?" आम्ही वाचण्याचा, ऐकण्याचा, दाबण्याचा विचार केला होता. मिरवण्या-लपवण्याचा नाही. एवढं वय झाल्यावर दिसण्याचं काय, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे उद्योजक सॅम फार्बर यांनी बायकोच्या संधिवाताने दुखणाऱ्या हातांकडे बघून जाड, मऊ मुठीची सोलाणी काढली, १९९० मध्ये. ती 'रुग्णांसाठी' म्हणून कुणी विकली नाही. सगळ्यांनीच घेतली.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. त्या कामात रंग सुचवायला आलेल्या तरुण सल्लागाराला आम्ही मानधन दिलं. बाईंना पुष्पगुच्छ दिला, वर "तुम्ही किती उत्साही आहात हो या वयात" असंही म्हणालो.

पुढच्या कामासाठी मी त्यांना फोन केला, तेव्हा डबीचं काय झालं हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "दिवसाचे किती देणार, ते आधी सांगा."