चरोतरातला तंबाखू आणि दांडिया बाजारातली बजर

मार्चमध्ये परदेशात निकोटीन आणि तंबाखूवर संशोधन करणाऱ्यांची मोठी परिषद आहे. 'सोसायटी फॉर रिसर्च ऑन निकोटीन अँड टोबॅको' ही संस्था १९९४ सालची. तिच्या वार्षिक परिषदेत रसायनवाले, मानसशास्त्रवाले, डॉक्टर, कायदेवाले असे सगळे येतात. आमच्या गटाचं पोस्टर तिथे पाठवायचं घाटतंय. विषय आहे बायका आणि तोंडात धरायचा तंबाखू. मी दातांची डॉक्टर, त्यामुळे पुण्यात मिशरीनं काळवंडलेल्या हिरड्या रोजच्याच. तंबाखूचं शेत मात्र लहानपणी निपाणीजवळच्या आजोळी पाहिलं, त्यानंतर नाही. दिवाळी आटोपल्यावर रात्रीची अहमदाबाद गाडी धरली आणि पहाटे बडोद्याला उतरले.

मावशी दांडिया बाजारात राहते. वाड्याची बिल्डिंग झाली, पण गल्लीत अजून मराठी ऐकू येतं. तेही खास बडोद्याचं, 'चालेल'च्या जागी 'चालशे' सहज येऊन जाणारं. पोचल्यावर सेव उसळ, दुपारी झोप, संध्याकाळी सूरसागरला चक्कर. बडोद्याविषयी इतकंच लिहिते. राजवाड्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी तंबाखूची शेतं बघायला बोरसदला निघाले. पादरा गावाकडून जाणारा गंभीरा पूल जुलै २०२५ मध्ये कोसळला, त्यामुळे आम्ही वासदवरून गेलो. मही नदी ओलांडली की चरोतर हा आणंद-बोरसदचा भाग सुरू होतो. आणंद म्हटलं की आपल्याला दूध आठवतं, पण हा विडीच्या तंबाखूचा देश आहे. आणंदच्या कृषी विद्यापीठाचं विडी तंबाखू संशोधन केंद्रच आहे. मऊ, रेताड गोराडू जमीन, कडेला केळीच्या बागा, आणि मधून मधून गडद हिरव्या, रुंद पानांची शेतं.

मावशीच्या ओळखीचे एक पटेलकाका बांधावर वाट बघत होते. शेतात शेंडे खुडायचं काम चाललं होतं. कळी धरायच्या आत झाडाचा शेंडा मोडायचा, मग बगलेतून येणारी फूट पुन्हा पुन्हा काढत राहायची. काका म्हणाले, "असं केलं की पान जाड होतं, कडक होतं." हा कडकपणा म्हणजेच निकोटीन. ते पानात तयार होत नाही, मुळांत होतं आणि वर चढतं. झाडाच्या दृष्टीनं ते किड्यांसाठीचं विष. शेंडा मोडला की झाड जखमी झाल्यासारखं वागतं, मुळं जास्त निकोटीन बनवतात, आणि फुला-बियांकडे जाणारी ताकद पानांत राहते. १८२८ मध्ये हायडेलबर्गला पोसेल्ट आणि राइमान यांनी तंबाखूतून निकोटीन वेगळं काढलं. शेतकऱ्याला ते नाव ठाऊक असो-नसो, ते वाढवायचं कसं हे त्याच्या बोटांना माहीत असतं.

खुडणाऱ्या बायकांची बोटं चिकट, काळपट झाली होती. एकीला विचारलं, चक्कर येते का? ती हसली. सकाळी पानं ओली असतात तेव्हा डोकं धरतं, मळमळतं, "पण सवय होते." ओल्या पानावरचं निकोटीन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. इंग्रजी ग्रंथांत या आजाराला 'ग्रीन टोबॅको सिकनेस' म्हणतात, आणि त्यावरचं आपलं संशोधन इथून जवळच झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत तंबाखू कामगारांचा अभ्यास केला, हातमोजे घालून त्रास कमी होतो का तेही तपासलं. त्या बांधावर मला हातमोजा एकाही हातात दिसला नाही. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत ओढणारे, चघळणारे, सोडणारे सगळे भेटतात. तंबाखूला तोंडही न लावता कातडीतून निकोटीन घेणारी ही बाई क्वचितच सापडते.

मी काकांना तोच ठरलेला शहरी प्रश्न विचारला: दुसरं पीक का नाही घेत? त्यांनी शांतपणे समजावलं. केळीला पाणी फार, आणि वारा आला की सगळं आडवं. बटाटा नासतो. तंबाखू वाळवून ठेवता येतो, भाव नसेल तर थांबता येतं. "आणि रोझ तोंड लावत नाही." रोझ म्हणजे नीलगाय. रात्रीची राखण करावी लागत नाही हा मुद्दा मी आजवर एकाही धोरणविषयक निबंधात वाचलेला नाही. थांबता येतं हे मात्र व्यापारी खळीवर, म्हणजे तंबाखूच्या वखारीत, काय भाव काढतो त्यावर. निपाणीकडे हेच दुखणं होतं. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, शेवटी गोळीबार झाला. आई अजून त्याबद्दल आवाज खाली करून बोलते. तंबाखू वाईट आहे हे मी दिवसभर रुग्णांना सांगते, पण त्या बांधावर उभं राहून काकांना सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं तर तो त्यांना सांगायचा विषयही नाही.

परतताना बसथांब्याजवळच्या पानाच्या गल्ल्यावर थांबले. गुजरातेत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, महाराष्ट्रातही त्याच वर्षापासून. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायचं नाही, असा तो अन्नसुरक्षेचा नियम. त्यावरची पळवाट समोरच लटकत होती: पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. शिवाय मावा. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घेऊन गल्लेवाला तळहातावर खसाखसा चोळत होता. त्यात सगळी करामत चुन्याची. चुन्यानं क्षारता वाढते, निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या अस्तरातून झरझर रक्तात उतरतं. चुन्याशिवाय तोच तंबाखू बराच मवाळ. अमेरिकेत ओठाखाली ठेवायच्या निकोटीनच्या पांढऱ्या पुड्यांवर सध्या जोरात चर्चा आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनानं, अशा काही पुड्यांच्या विक्रीला रीतसर परवानगी दिली. क्षारता वाढवायचं तंत्र त्यांतही वापरतात. आमचा गल्लेवाला ते डबीतल्या चुन्यावर करतो.

संध्याकाळी मावशीकडे शेजारच्या आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, जन्म बडोद्यातलाच. मी प्रश्नावली काढली. तंबाखू घेता का? आजी ताठ झाल्या. "छे गं! आमच्या घरात तंबाखूला कुणी हात लावत नाही." मावशी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मग मी विचारलं, "आजी, बजर लावता का?" "हो, ती दातांना. सकाळी, जेवल्यावर, आणि रात्री झोप येत नाही म्हणून." बजर म्हणजे हिरड्यांवर घासायची तपकीर, निव्वळ तंबाखूची पूड. पुण्यात मिशरीचं हेच होतं, म्हणून आमच्या प्रश्नावलीत प्रत्येक पदार्थ नाव घेऊन विचारायचा असं ठरलंच होतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात धूर न काढता तंबाखू घेणारे प्रौढ २१.४ टक्के निघाले, ओढणारे १०.७. म्हणजे दुप्पट. तरी तंबाखू म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सिगारेटच येते, पोस्टरांवरही तीच. शंका उरली तर लाळेतलं कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणारा पदार्थ, तपासता येतं. निकोटीन दोन-एक तासांत निम्मं होतं, कोटिनीनला सोळा-एक तास लागतात, त्यामुळे कालची बजरही पकडली जाते. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तू पोलीस की डॉक्टर?"

मोबाइलच्या उजेडात त्यांचं तोंड पाहिलं. खालच्या हिरड्या उतरलेल्या आणि जिथे बजर घासतात तिथे एक पांढरा चट्टा. दंतविभागात दाखवून घ्या, गरज पडली तर तुकडा काढून तपासतील, असं स्पष्ट सांगितलं. सोडायची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. तो नंबर मावशीनं कॅलेंडरवर लिहून ठेवला. आजींनी सौदा मांडला: रात्रीची बंद करते, सकाळची राहू दे. मी होकार दिला नाही, पण मोडताही घातला नाही.

कुणाला चरोतर पाहायचं असेल तर बडोद्याहून आणंदला लोकल गाडी मिळते, पुढे बोरसदसाठी रिक्षा किंवा बस. शेंडे खुडताना बघायचे तर दिवाळीनंतर जा. कापणी आणि शेतात वाळणारा तंबाखू बघायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत. दव असेपर्यंत पानांना हात लावू नका. परिषदेचं सारांशपत्र पाठवून झालंय. त्यात आजींच्या बजरेला स्वतंत्र रकाना मिळालाय, खुडणाऱ्या बायकांना या वेळी नाही. त्यांच्यासाठी हातमोज्यांचा वेगळा प्रकल्प लिहायला घेतलाय, आणि त्याला पैसे कोण देणार हे विचारायला परिषदेचे दिवस बरे पडतील.