मग वाचल्या म्हणू नकोस

मंगळवार, रात्री उशिरा

दादा काही वाईट बोलला नाही. लागावं म्हणून तर नक्कीच बोलला नाही. यंदा कोणी काय वाचलं असा विषय निघाला होता. मी एडगर अ‍ॅलन पोच्या आणि शेरलॉक होम्सच्या गोष्टींबद्दल सांगत होते, चांगली रंगात आले होते, आणि तो सहज म्हणाला, "पण तू त्या ऐकल्यास ना? मग वाचल्या म्हणू नकोस." वहिनीने विषय बदलला, सगळे दुसऱ्या गप्पांना लागले, मीही लागले. घरी येऊन केव्हाची आडवी झाले, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

का जात नाही तेच कळेना. याहून टोचणारी कितीतरी वाक्यं मी या वर्षात गिळली आहेत. डॉक्टरांची, ऑफिसातली. ती आता नीट आठवतही नाहीत. मग या एकाने इतकं काय केलं?

डोळ्यांबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. ते सुरू झालं की वही त्यातच संपते. हेही जाड पेनाने, एकेक ओळ सोडून लिहितेय, तेवढं पुरे.

वाचन गेलेलं नाही, फक्त ते आता कानाने होतं, असं मी स्वतःला सांगत आलेय. रात्री दिवा मालवायचा, हेडफोन लावायचे आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची एखादी गोष्ट सुरू करायची. जुन्याच गोष्टी, कारण त्यांचे हक्क कधीच संपलेत आणि लिब्रिवॉक्स या मोफत ऐकायच्या पुस्तकांच्या साइटवर कोणा स्वयंसेवकाने घरी बसून त्या वाचून ठेवलेल्या असतात. 2005 पासून ही माणसं हे करतायत, एक पैसा न घेता. कोणाचा आवाज तयारीचा असतो, कोणाचा घसा बसलेला. कधी मध्येच मागे एखादं दार लागतं, कधी पान उलटल्याचं ऐकू येतं. मला ते सगळे आवडतात. त्यातल्या एकाची तर इतकी सवय झालीय की दुसऱ्या कोणाच्या तोंडून वॉटसन, होम्सच्या गोष्टी सांगणारा त्याचा मित्र, ऐकला की तो मला परका वाटतो.

दादाच्या हिशेबात हे सगळं शून्य. मी काही वाचलंच नाही. माझ्याकडचं जे जे गेलं ते मी निमूट जाऊ दिलं, एवढं एक उरलं होतं, तेही त्याने जेवताजेवता काढून घेतलं. आई असती तर... असो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो अगदीच चूक नाही. पोची 'द गोल्ड-बग' ही 1843 सालची गोष्ट. कॅप्टन किड या समुद्री चाच्याचा पुरलेला खजिना आणि चर्मपत्रावर सांकेतिक खुणांत लिहिलेला मजकूर. पुस्तकात ती आकड्यांची आणि चिन्हांची रांग समोर छापलेली असते. वाचणारा थांबू शकतो, बोट ठेवून मोजू शकतो, कोणतं चिन्ह जास्त वेळा आलंय ते स्वतः शोधू शकतो. उकल सुरू होते ती तिथूनच: जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा येतं ते इंग्रजीतलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर. आणि मी काय ऐकलं? "फाइव्ह, थ्री, डबल डॅगर, डबल डॅगर, डॅगर, थ्री, झीरो, फाइव्ह..." वाचणाऱ्या बाईंनी एकही खूण गाळली नाही, कुठे घाई केली नाही, त्यांचे उपकारच आहेत. पण मी पहिल्या ओळीतच हरवले. ही उकल करणाऱ्या लेग्रांडने पुढे जे जे मोजून दाखवलं ते मला नुसतं मान्य करावं लागलं, पडताळून पाहता आलं नाही.

होम्सच्या 'द डान्सिंग मेन'मध्ये, ही 1903 ची, तर चित्रंच आहेत. नाचणाऱ्या चिमुकल्या माणसांच्या ओळी. कोणाचा हात वर, कोणाचा पाय वाकडा, कोणाच्या हातात निशाण. ऐकताना तिथे "इथे आकृती आहे" एवढंच येतं आणि वाचणारा पुढे जातो. आतल्या खोलीत सगळे काहीतरी बघून बोलतायत आणि मी दाराबाहेर उभी आहे, अशी ती गोष्ट मी ऐकली. त्या रात्री हेडफोन काढून ठेवले होते. हे दादाला माहीत नाही.

मघाशी झोप येईना म्हणून 'द स्पेकल्ड बँड' लावली. 1892 ची. रहस्य माहीत आहे, पाठच आहे म्हणा ना, म्हणूनच लावली. आज नवं काही नको होतं. आणि त्यातच उठून बसले.

हेलन स्टोनर सकाळी होम्सकडे येते आणि सगळी हकिगत सांगते. ती सांगत असताना होम्स काय करतो? खुर्चीत मागे रेलून, उशीत डोकं रुतवून, डोळे मिटून बसलेला असतो. मध्ये एकदा पापण्या अर्धवट उघडतो, तिच्याकडे बघतो, म्हणतो, तपशील अगदी नेमके सांगा. आणि ती जे सांगते ते बहुतेक सगळं ऐकलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी बहिणीने विचारलं होतं, रात्री तुला कधी शीळ ऐकू आली का? बहीण गेली त्या रात्री हेलनने स्वतः शीळ ऐकली, मग काहीतरी धातूचं पडल्यासारखा आवाज. आणि आता काल रात्री तीच शीळ पुन्हा, तिच्या स्वतःच्या उशाशी. दिसलेलं असं तिच्या हाती फार थोडं आहे.

मग तो शेवटचा प्रसंग. होम्स आणि वॉटसन काळोखात बसलेत, दिवा नाही, बोलायचं नाही. दूरवर चर्चच्या घड्याळाचे पाव-पाव तासाचे टोले. बारा, एक, दोन, तीन. आणि मग तो अगदी हलका आवाज, किटलीतून वाफेची बारीक धार सुटावी तसा. होम्स काडी ओढतो, उठून छडी मारत सुटतो आणि ओरडतो, दिसलं का, वॉटसन, दिसलं का?

वॉटसनला काहीच दिसलेलं नसतं. तो सरळ तसं सांगतो. एकदम उजेड झाल्याने त्याचे डोळे दिपलेत. त्याला त्या क्षणी एकच गोष्ट नक्की कळलेली असते, ती म्हणजे एक बारीक, स्पष्ट शीळ.

ही गोष्ट मी शाळेत असताना पुस्तकातून वाचली होती, नंतरही वाचली होती. हे वाक्य डोळ्यांखालून गेलंच असणार. पण काळोखात ते काळोख ऐकणं, ते टोले मोजत बसणं, किती वाजेपर्यंत चालणार आहे हे आपल्या हातात नसणं... पानावर ते तीन ओळींत संपतं, नजर पुढे धावते, कारण पुढे काय होतं ते हवं असतं. कानाला पुढे धावता येत नाही. वॉटसनइतकंच मलाही थांबावं लागलं. त्या क्षणी आम्हा दोघांना सारखंच दिसत होतं.

मग दिवा लावला आणि वही काढली.

कारण मघाशी दादाने तोडलं तेव्हा मी नेमकं हेच सांगायच्या बेतात होते, होम्सचं नव्हे, पोचं. 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग', 1841. गुप्तहेरकथेची सुरुवात लोक जिथून मानतात ती. बंद खोलीत खून झालाय, शेजारीपाजारी जिन्यावरून वर धावतायत आणि वरून दोन आवाज येतायत. एक जाडाभरडा, तो फ्रेंच माणसाचा, यावर सगळ्यांचं एकमत. दुसरा चिरका. त्याबद्दल प्रत्येक साक्षीदार छातीठोकपणे सांगतो. फ्रेंच शिपाई म्हणतो, स्पॅनिश असावा. दुसरा फ्रेंच म्हणतो, इटालियन, आणि त्याला इटालियन येत नाही. अ‍ॅमस्टरडॅमचा खानावळवाला म्हणतो, फ्रेंचच, आणि त्याची साक्ष दुभाष्यामार्फत घ्यावी लागते कारण त्याला फ्रेंच येत नाही. इंग्रज शिंप्याला तो जर्मन वाटतो. स्पॅनिश माणसाला इंग्रज वाटतो, नुसत्या हेलावरून. इटालियन मिठाईवाल्याला रशियन वाटतो, आणि तो आयुष्यात एकाही रशियन माणसाशी बोललेला नाही. ऐकलं सगळ्यांनी. खरंही सगळे बोलतायत. गोष्टीतला गुप्तहेर द्युपँ तेवढा वर्तमानपत्रातल्या या साक्षी एकत्र ठेवतो आणि विचारतो की जो आवाज प्रत्येकाला परक्या भाषेतला वाटतो, ज्यातला एक शब्दही कोणाला कळत नाही, तो असेल कोणाचा?

मी शिंप्यापर्यंत पोचले होते. पुढचं सांगायचं राहिलं.

म्हणजे पहिल्याच गुप्तहेरकथेतला धागा कानांनी पकडलेला आहे. मग 1892 मधलीच 'सिल्व्हर ब्लेझ', रात्री कुत्रा भुंकलाच नाही, म्हणजे न आलेला आवाजसुद्धा पुरावा. होम्सकडे येणारे सगळे येऊन आधी काय करतात, तर खुर्चीत बसून तोंडी हकिगत सांगतात. कोणीतरी सांगतंय आणि कोणीतरी मन लावून ऐकतंय, त्यातूनच या गोष्टी उभ्या राहिल्यात. मला हे आधीही ठाऊक होतं का? असेल. पण आज ते मला हवं होतं म्हणून सापडलं, हेही खरं.

आणखी एक आठवलं. ब्रिटनमध्ये 1935 साली अंधांसाठी बोलकी पुस्तकं सुरू झाली. ग्रामोफोनच्या तबकड्या, एका बाजूला साधारण 25 मिनिटांचं वाचन, एका कादंबरीला तबकड्यांची चळत. त्या कामामागे इयन फ्रेझर होता, 1916 साली सोमच्या लढाईत दृष्टी गेलेला. आणि अगदी पहिल्या पुस्तकांमध्ये कोणतं पुस्तक होतं? अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'. बंद दाराआडून ऐकू आलेल्या आवाजाला ज्यात एवढं महत्त्व आहे, तेच. ती चळत शेजारी ठेवून कोणीतरी पहिली तबकडी लावली असेल, संपल्यावर चाचपून उलटली असेल. त्याला कोणी विचारलं असेल का, हे तू वाचलंस की ऐकलंस?

पोनेच 1842 साली लिहून ठेवलंय की कथा कशी, तर अर्ध्या तासापासून एक-दोन तासांत, एका बैठकीत संपावी. मध्ये जगाचा व्यत्यय नको. माझ्या फोनवर प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिहिलेली असते आणि बहुतेक गोष्टी त्याच मापात बसतात. हातात पुस्तक असताना मी कधी एका बैठकीत काही पुरं केलं? फोन, दार, कोणाची हाक. आता तासभर सलग ऐकते. हे मिळालं ते मिळालंच, दादाच्या वाक्याने त्यात काही घट होत नाही.

तरी तो सल आहेच. इतकं लिहून झालं, तो गेला नाही. फक्त त्याची जागा आता जराशी कळतेय. रशियन लेखक चेकॉव्हची 'मिझरी' ही गोष्ट आहे ना, 1886 ची, मुलगा गेलेला तो म्हातारा गाडीवान, इओना. बर्फात बसून राहतो, जो भेटेल त्याला सांगू बघतो. लष्करी अधिकाऱ्याला, दंगा करणाऱ्या तरुणांना, दरवानाला. एका जवान गाडीवानाला सांगायला जातो तर तो पांघरूण घेऊन झोपून जातो. शेवटी घोडीला सांगतो. माझं दुःख त्याच्या नखाएवढंही नाही, त्याच्या शेजारी ते मांडायचीही लाज वाटते. पण ऐकलं की वाचलं हा मुद्दा मला लागलाच नव्हता बहुतेक. मी काहीतरी आवडीने सांगत होते आणि ते मध्येच तुटलं. तेवढंच. तेच.

दादाला ते वाक्य उद्या सकाळी आठवणारही नाही. त्याच्याशी भांडायचं नाही, समजावायचंही नाही. यापुढे कोणी विचारलं तर मी 'ऐकली' असंच म्हणणार आहे. सरळ, मोठ्याने. ऐकायला काय काय लागतं ते मला माहीत आहे.

अर्नेस्ट ब्रामाचा मॅक्स कॅरॅडोस फोनवर उतरवून ठेवलाय, 1914 चं पुस्तक. तो गुप्तहेर आंधळा आहे. अजून लावलेला नाही. त्याबद्दल आज नको.

आधी विल्की कॉलिन्सची कादंबरी, 'द मूनस्टोन'. 1868 ची, लांबलचक, बरेच दिवस पुरेल. त्यात प्रत्येक पात्राने आपल्याला स्वतःला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं, त्यापुढे एक शब्द नाही, असा करार आहे. आधी म्हातारा बेटरेज, मग मिस क्लॅक, मग वकील, असं. एका रेकॉर्डिंगमध्ये सगळी पात्रं एकच माणूस वाचतो, दुसऱ्यात प्रत्येकाला वेगळा आवाज आहे. दोन्हींची पहिली पाच-पाच मिनिटं ऐकली. एकट्याचा बेटरेज फार छान आहे, सावकाश, मध्येच विषय सोडून भरकटणारा, जसा हवा तसा. पण त्याची मिस क्लॅक कशी असेल, ते ऐकल्याशिवाय ठरवता येणार नाही.