लाकडी बुटांची ट्रायल

गिऱ्हाईकाला सगळे डॅनिश शिपाई लाल कोटात हवे होते. 29 ऑगस्ट 1807 ला डेन्मार्कमधल्या क्योगेला इंग्रजांशी झालेल्या लढाईचा उघड्या मैदानावर प्रयोग होणार होता, आणि लांबून लाल रंग उठून दिसतो हे खरंच. तसं त्यात खोटंही काही नव्हतं. नेपोलियनच्या काळातलं डॅनिश पायदळ लाल जॅकेटच घालायचं. कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्यांचा रंग तेवढा पलटणीप्रमाणे बदलायचा. पण हे झालं कवायती फौजेचं. कोपनहेगनच्या आमच्या कपडेपटात कटिंग माझ्याकडे असतं. कात्री लावायच्या आधीच मी विचारलं, की ही माणसं आहेत कोण?

क्योगेला उभे राहिले ते मुख्यतः लँडेव्हर्नवाले. 1801 साली उभारलेली ही राखीव सेना, त्यात बरीचशी खेड्यांतली माणसं. खरी फौज युवराज फ्रेडरिकबरोबर दक्षिणेला होल्स्टाइनमध्ये होती, कारण त्या बाजूला फ्रेंचांची धास्ती होती. इंग्रज मात्र 16 ऑगस्टला समुद्रातून व्हेडबेकला उतरले आणि त्यांनी राजधानीला वेढा घातला. वेढा फोडायला घाईघाईत जमवलेल्या या लोकांपैकी अनेकांना धड गणवेशही मिळाला नव्हता. अंगात घरचे कपडे, पायात लाकडी बूट, आणि शेवटी त्यातच पळावं लागलं. म्हणून डॅनिश लोक आजही हिला ‘लाकडी बुटांची लढाई’ म्हणतात, आणि म्हणताना हसतात. मला ते हसणं आवडत नाही.

ट्रायलच्या दिवशी पहिला आला इंग्रज सेनापती. त्याचा कोट माझ्याकडेच होता: लाल लोकर, गडद निळी कॉलर, सोनेरी काम. बटणं लावता लावता मी त्याला म्हटलं, “तू कुणाची भूमिका करतोयस, माहितीये का? आर्थर वेलस्ली. क्योगेच्या चार वर्षं आधी हा माणूस आमच्याकडे, महाराष्ट्रात होता.” जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा तो हाच. नट बिचारा ओशाळला. मी म्हटलं, हात वर कर, काखेत ओढतंय का बघू.

मग लँडेव्हर्नवाला पोरगा आला. त्याच्यासाठी गिऱ्हाईकाच्या हट्टाने एक नमुन्याचं लाल जॅकेट शिवलं होतं. त्या काळची लोकर इतकी दाबून घट्ट केलेली असायची की कापलेल्या कडेचा दोरा सुटत नसे; कड दुमडायची गरजच नाही, तशीच उघडी ठेवायची. आम्हीही तशीच ठेवली होती. छातीवर पांढरे पट्टे फुलीसारखे आडवे चढवले, काडतुसांची पेटी उजव्या कुल्ल्यावर आली. पोरगा अगदी राजवाड्यावरचा पहारेकरी दिसायला लागला. पायात मात्र त्याने हौसेने लाकडी बूट आणले होते, आत पेंढा कोंबून, जुने शेतकरी घालायचे तसे.

“यात पळून दाखव,” मी म्हटलं.

वर्कशॉपमागे उतरतं गवत आहे, सकाळच्या पावसाने निसरडं झालेलं. पोरगा निघाला. चार पावलं बरी पडली. मग टाच सुटायला लागली, कारण लाकूड काही पायाबरोबर वाकत नाही; पाऊल उचललं की बूट मागे राहतो. पेटी मांडीवर आपटत होती. उतारावर डावा बूट निसटला, उजवा त्याने स्वतःच झटकला आणि मोज्यांवर सुसाट सुटला. खालून ओरडला, “आता कुठे पळता येतंय!”

आमची मुख्य आणि गिऱ्हाईक दोघंही दारात उभे होते. गिऱ्हाईक आधी हसला. मी गवतात पडलेले बूट उचलून त्याच्या हातात दिले, वजन बघ म्हटलं. समोर वेलस्लीचे सराव केलेले स्कॉटिश हायलँडर आणि हिरव्या कपड्यांतले रायफलवाले. यांच्यासमोर ज्यांना नीट बूटही दिले नाहीत, त्यांच्या पळण्याला हसायचं, की त्यांना तसं पाठवणाऱ्यांना? क्योगेला हजाराहून जास्त डॅनिश कैद झाले. चारच दिवसांनी, 2 सप्टेंबरच्या रात्री, कोपनहेगनवर तोफगोळे पडायला लागले आणि 7 तारखेला शहराने शरणागती लिहून दिली. आरमार इंग्रज घेऊन गेले.

यावर बराच वेळ खल झाला. पैशांचाही प्रश्न होताच, कारण जाड लाल लोकर येऊन पडली होती. शेवटी ठरलं, की लाल जॅकेटं पुढच्या रांगेतल्या मोजक्याच जणांना. बाकीच्यांना राखाडी-तपकिरी घरगुती कपडे, त्यावर पट्टा आणि पेटी. बूट सगळ्यांना लाकडीच. पोराच्या अंगातलं जॅकेट मी तिथेच उतरवून घेतलं. उरलेलं लाल कापड इंग्रजांच्या कामी येईल.