ओढणीचा आकडा

आमच्या टेबलटॉप खेळात, म्हणजे टेबलावर फासे-सोंगट्यांनी खेळायच्या खेळात, इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातल्या क्रेसीच्या लढाईचा एक प्रसंग आहे, 1346 सालचा. शस्त्रांचे नियम लिहायचं काम माझ्याकडे. इंग्रजांच्या लांब धनुष्याचा तक्ता मी बऱ्याच खेळांत असतो तसाच केला होता: सगळं चपळाईवर, मिनिटाला दहा बाण, आणि दमणं नाहीच.

शनिवारच्या चाचणीला तिरंदाजीच्या स्पर्धा खेळणारी एक मुलगी आली. तिच्या वाट्याला आलेल्या धनुर्धराची चपळाई भरपूर, ताकद बेताची. तिसऱ्या फेरीला तिने फासे हातातच धरले. "दादा, हा पोरगा हे धनुष्य ओढतोय कसा?"

मग तिने गाडीतून स्वतःचं धनुष्य आणलं, 38 पौंडांचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं. गच्चीवर मला ओढायला लावलं. "दोरी हळूहळू परत आणा, बिनबाणाची सोडलीत तर धनुष्य फुटेल." पाचव्या खेपेला दोन्ही खवाट्यांच्या मधोमध कळ आली. सातव्या खेपेला दोरी हनुवटीपर्यंत पोचलीच नाही.

1545 मध्ये बुडालेलं इंग्रजांचं 'मेरी रोझ' जहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यावर शंभराहून अधिक अखंड धनुष्यं मिळाली. त्यांची ओढणी, म्हणजे ओढायला लागणारा हाच जोर, अभ्यासक साधारण 100 ते 185 पौंड धरतात. हे आकडे मीच प्रस्तावनेत हौसेनं लिहिले होते. नियमांत त्यांचा मागमूस नव्हता. याचं मला फार वाईट वाटलं, कारण ज्या माणसांनी लहानपणापासून खांदे घडवले त्यांची मेहनत मी एका आकड्यात पुसून टाकली होती.

दुपारभर बसून तक्ता बदलला. कोणतं धनुष्य ओढता येईल ते ताकद ठरवणार, नेम चपळाई. सलग मारा केला की दर फेरीला दमछाकीची एक सोंगटी. क्रॉसबोचा, म्हणजे चाप दाबून सोडायच्या आडव्या धनुष्याचा, वेग तसाच संथ ठेवला, पण तो टोकाच्या रिकिबीत पाय रोवून, कमरेच्या हुकाने ताणायचा असल्यामुळे बारीक हातांच्या माणसालाही चालतो. चढवताना मात्र आडोसा हवा. क्रेसीला फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या, इटलीतल्या जिनोव्हाच्या क्रॉसबोवाल्यांच्या मोठ्या ढाली मागे गाड्यांतच राहिल्या होत्या, म्हणून त्या प्रसंगात त्यांना आडोसा नाही.

संध्याकाळी तीच लढाई पुन्हा मांडली. तिच्यापुढे दोन सोंगट्या जमल्या होत्या आणि फ्रेंच घोडेस्वार चढ चढत होते. तिने फासे खाली ठेवले.

"आत्ता नाही मारत. येऊ देत जवळ."