जर्मन मॅन्युअल एस्टोनियनमध्ये करून घ्यायचा माझा अनुभव

"आम्ही सगळ्या भाषा करतो" म्हणणाऱ्या एका अनुवाद एजन्सीवरचा राग अजून गेला नाही, म्हणून लिहितोय.

आमचा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या मशीन बनवायचा कारखाना. डिझाइन जर्मन पार्टनरचं, मूळ मॅन्युअल जर्मनमध्ये आणि गिऱ्हाईक एस्टोनियाचं. युरोपच्या २००६/४२ मशिनरी डायरेक्टिव्हप्रमाणे मशीन ज्या देशात चालणार तिथल्या भाषेत मॅन्युअल द्यावंच लागतं, इंग्लिशवर भागत नाही.

एजन्सीला मी साधं विचारलं, जर्मनमधून थेट एस्टोनियन करणार का आधी इंग्लिश करून मग? करणाऱ्याची मातृभाषा एस्टोनियन आहे का? फाउंड्रीचं काम केलंय का त्यानं? दर वेळी एकच उत्तर, "सर, क्वालिटीचं टेन्शन घेऊ नका, आमच्या पॅनलवर एक्स्पर्ट आहेत." नाव नाही, अनुभव नाही, फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये. सॅम्पल मागितलं तर आधी अॅडव्हान्स भरा. गिऱ्हाईक रोज मेल टाकतंय, मशीन पॅक होऊन पडलंय आणि हे लोक आज देतो, उद्या देतो! शेवटी सॅम्पल आलं, तर ड्रॉइंगवरच्या एकाच पार्ट नंबरला तीन पानांवर तीन वेगळी नावं. मला एस्टोनियनचं अक्षर कळत नाही, पण एवढं तर डोळ्यांना दिसतं ना. सेफ्टी वॉर्निंगच्या पानावर असला घोळ म्हणजे कुणाचा तरी हात जायचा. तिथंच काम काढून घेतलं.

मग जर्मन पार्टनरच्या ओळखीनं एस्टोनियातलाच माणूस मिळाला, आधी मेकॅनिकल इंजिनियर आणि आता अनुवादक. त्यानं रेट सांगायच्या आधी ड्रॉइंग आणि फोटो मागितले, तेव्हाच मला बरं वाटलं. प्रश्न विचारणारा अनुवादक मिळाला की सोडू नका. आयएसओ १७१०० या अनुवादाच्या कामाच्या स्टँडर्डप्रमाणे अनुवाद दुसऱ्या माणसानं मूळाशी ताडून बघायचा असतो, ते कोण करणार हेपण त्यानं न विचारता सांगितलं.

हां, रेटचं राहिलंच. जर्मनीत ५५ अक्षरांच्या ओळीवर भाव सांगतात, एस्टोनियात १८०० अक्षरांच्या पानावर आणि आपल्याकडं शब्दावर, त्यामुळं तिन्ही कोटेशन एका मापात आणल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नका. आणि शब्द तपासायला युरोपियन युनियनचा आयएटीई डेटाबेस फुकट आहे, जर्मन-एस्टोनियन जोडीपण मिळते. पार्टची यादी आधी फायनल करून घ्या, मगच मॅन्युअलला हात लावू द्या.