चिंगीचा पहिला माज

आज पहाटे आमची कुत्री चिंगी हिच्या गोधडीवर रक्ताचे चार-पाच थेंब दिसले आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला, मात्र गावाकडे गाई-म्हशींचा माज ओळखण्यात हयात गेलेल्या आईने एका नजरेत सांगितले, "घाबरू नकोस, पोर माजावर आली आहे."

चिंगी १० महिन्यांची आहे. कोथरूडच्या आमच्या पशुवैद्यांनी दुपारी शांतपणे समजावले की, साधारण पहिले ९ दिवस रक्तस्राव होतो, परंतु खरे जपायचे ते त्यानंतर, कारण स्राव फिका होऊन पेंढ्याच्या रंगावर आला की आपल्याला सारे संपल्यासारखे वाटते आणि नेमकी तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते. त्यामुळे निदान ३ आठवडे तळजाई टेकडीवरची मोकळी भटकंती बंद. पट्टा हातात घट्ट धरूनच फिरवायचे.

संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी गल्लीतले तीन कुत्रे नाक वर करून बसलेले दिसले, तेव्हा पशुवैद्यांच्या सांगण्यातले गांभीर्य पुरते उमगले.

सध्या गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने नसबंदी दोन-तीन महिन्यांनी करायची ठरले आहे. तोवर ती एकाएकी जास्त पाणी पिऊ लागली, जेवण टाकले किंवा दुर्गंधी स्राव दिसला, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आहे.

आत्ता ती आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या घडीवर, माझ्या पायाला पाठ टेकून झोपली आहे.